खुर्चीच्या पायात पाखऱ्याची झूल

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि माझ्या चारही पायांखाली बैलाच्या झुलीचे तुकडे चिकटवलेले आहेत. हसू नका. हसणारे पुष्कळ झाले, पण ते तिथं आले कसे हे कुणी विचारलं नाही. म्हणून आज मीच सांगते.

माझा जन्म डेन्मार्कचा, लाकूड मात्र ब्रह्मदेशच्या सागाचं. जेवणाच्या टेबलासाठी आम्हा सहा बहिणींना एका म्हाताऱ्या सुतारानं घडवलं. वळणदार पाठ, खाली निमुळते होत गेलेले पाय, टोकाला रुपयाएवढे. बहात्तरच्या दुष्काळात लातूर भागात बोअर पाडायला एक डॅनिश इंजिनियर आला. व्यंकटरावांच्या माडीवर तो भाड्यानं राहिला आणि त्याच्या सामानाबरोबर आम्हीही तिथंच उतरलो. त्या माडीची जमीन किनवटच्या सागाच्या फळ्यांची होती. ती सागाची, मीही सागाची. म्हणजे माझी मावशीच की! आमच्या पायांखाली तेव्हा जाड लोकरीच्या टिकल्या होत्या. इंजिनियर खुर्ची कधी ओढत नसे, उचलून ठेवी. मावशीच्या अंगावर साधा ओरखडाही उठला नाही. जाताना तो आम्हाला तिथंच ठेवून गेला.

मग माडी सांभाळली सरजाबाईनं. आठ-नऊ वर्षं ती रोजंदारीवर झाडलोट करत होती. ओल्या फडक्यानं एकेक फळी पुसायची, सणासुदीला जवसाचं तेल चोळायची. फळ्यांत स्वतःचं तोंड दिसलं की खूश व्हायची. मला पुसताना म्हणायची, "ऱ्हा बाई नीट. तू परदेशची, मी इथली, पर दोघी हितंच हाव." असं प्रेमानं मला दुसरं कुणी बोललं नाही.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा होणार असं ठरलं. गावभर एकच गडबड उडाली. जो तो ऑफिसाला जागा शोधत होता, आणि आमच्या माडीवरही एक लहानसं सरकारी ऑफिस आलं. पावसानं मात्र त्या साली ओढ दिली. जिल्हा आला अन् पाणी गेलं, असं लोक म्हणायचे. हेडक्लार्क भगवानराव सरजाबाईला म्हणाले, "काम चांगलं आहे तुझं. शिपायांच्या यादीत तुझं नाव घालतो. कायमची होशील." त्या दिवशी तिनं मावशीला दोनदा पुसलं.

पण आमचे पाय वाईट झाले होते. लोकरीच्या टिकल्या कधीच झिजून गेल्या होत्या. बाबूलोक मागं रेलून बसायचे, उठताना आम्हाला फरफटत न्यायचे. टोकं फुटून लाकडाच्या काड्या निघाल्या. पंधरा ऑगस्टला साहेब यायचे होते. भगवानराव म्हणाले, "सरजाबाई, या पायांचं काहीतरी कर बरं."

सरजाबाईचा नवरा भुजंग नालबंद होता. बैलांना नाल ठोकावी तर त्यानंच. पण चारा नाही म्हणून लोकांनी बैल विकले होते. मग नाल कुणाला ठोकणार? त्यानं स्वतःचा देवणी जातीचा बैल, पाखऱ्या, दोन महिन्यांपूर्वी विकला होता. तेव्हापासून तो कुणाशी धड बोलत नव्हता. सरजाबाईनं त्याला माडीवर आणलं. आम्हाला पाहून किती दिवसांनी त्याच्या तोंडावर हसू आलं. "बैलाचा खूर काय अन् खुर्चीचा पाय काय! झिजू न्हाई म्हनून नालच पायजे." त्यानं पत्रा कापला, आम्हाला एकेक करून आडवं पाडलं आणि चोवीस पायांना चोवीस नाल ठोकल्या. काम नेटकं होतं. खिळ्यांची डोकी मात्र बाहेर राहिली होती, बैलाच्या नालेला राहतात तशी. मातीच्या वाटेवर ती पकड धरतात. सागाच्या फळीवर काय करतील, हा विचार त्या भल्या माणसाला शिवलाही नाही.

पंधरा ऑगस्टला पेढे झाले, भाषणं झाली. पाहुणे बसले, उठले, आम्हाला ओढत राहिले. मी मावशीचं अंग सोलत होते आणि मला थांबता येत नव्हतं. मित्रांनो, तो आवाज मी अजून विसरले नाही.

दुसऱ्या दिवशी दारापासून खिडकीपर्यंत पांढरे चर दिसले. व्यंकटरावांनी तर आकांडतांडवच केलं. "माडी रिकामी करा!" भगवानराव सरजाबाईवर घसरले. "पाणी नाही म्हणून वाळूनं घासलंस काय? भांडी आहेत का ही?"

"न्हाई, भाऊसाहेब! लेकराच्या आंगावानी पुसते मी तिला."

"मग चर कुठून आले? आभाळातून पडले?"

सगळे खाली गेल्यावर तिनं चरांवरून तळवा फिरवला. मग मला उलटी केली. नालेच्या खिळ्यांना मावशीच्या अंगाचा भुसा लागला होता. तिला सगळं कळलं. जिना उतरून एक शब्द सांगितला असता तर ती सुटली असती. पण नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून निघेना. तिनं मला हळूच सरळ केलं आणि पदर तोंडाला लावला. मला जीभ असती तर मी ओरडले असते!

तीन दिवसांनी पोळा आला. त्याच दिवशी तिला सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नको. तिला न्यायला भुजंग माडीवर आला. वाट करायला त्यानं मला उचललं, आणि त्याची नजर पायाकडे गेली, मग जमिनीकडे.

"सरजे, तुला ठावं व्हतं?"

"व्हतं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? आधीच तुमी मान वर करून बघंना झालाव."

तो तडक भगवानरावांपुढे गेला. "भाऊसाहेब, चूक माजी हाय. हिला ठिवा." भगवानराव कागदांतून वर न बघता म्हणाले, "आता सांगून काय उपयोग? यादी गेली. दुसऱ्या बाईचं नाव गेलं."

भुजंग घरी गेला आणि खुंटीवरची पाखऱ्याची झूल घेऊन आला. जाड, चार पदरी, हातानं शिवलेली. सरजाबाई कळवळली. "आवं, आज पोळ्याच्या दिशी तिला कात्री?"

"पाखऱ्याच न्हाई. कुनावर घालू?"

त्यानं चोवीस नाल उपटल्या. तिनं चोवीस तुकडे कापले. दोघांनी मिळून सरस लावून ते आमच्या पायांना चिकटवले. मग तिनं एकदा शेवटची मावशी पुसली, डबा उचलला आणि जिना उतरली. ती पुन्हा माडीवर आली नाही.

मित्रांनो, आता ते तुकडे पार झिजले आहेत, झुलीचा लाल दोरा तेवढा दिसतो. खुर्ची ओढू नका, उचलून ठेवा. तिच्या पायाखाली लोकरीचा, कापडाचा, काहीतरी मऊ तुकडा लावा, आणि तो झिजला की बदला. जमिनीवर ओरखडा दिसलाच, तर झाडणाऱ्या बाईला बोलण्याआधी जरा वाका आणि खुर्ची उलटी करून बघा. त्या दिवशी सरजाबाईला बोलताना भगवानराव माझ्याच पाठीवर हात ठेवून उभे होते.