माशांच्या वाटेवरच्या फळ्या

सकाळी सासूला चहा दिला, की बंधाऱ्यावरची ती विधवा बाई नोंदवही काढी आणि लिही, 'माशांची वाट उघडी.' वाट बंद असे.

बंधाऱ्याच्या कडेने पायऱ्यापायऱ्यांची ती अरुंद वाट अंडी घालायला वर निघालेल्या माशांसाठीच बांधली होती. वर्षातले पंधरा दिवस ती सकाळी उघडी ठेवायची आणि तेवढा वेळ शहराच्या नळांना पाणी कमी सोडायचं, असं ठरलेलं. पण पाणी कमी झालं की लोकांची ओरड होई. म्हणून वाटेत फळ्या टाकायच्या आणि वहीत 'उघडी' लिहायचं, ही इथली रीतच पडली. तिच्या नवऱ्यानेही तेच लिहिलं. तो गेल्यावर मुकादम असलेल्या दिराने खटपट करून तिला त्याच जागी चिकटवलं, म्हणून सासूसह राहायला दोन सरकारी खोल्या टिकल्या.

त्या दिवशी मासे मोजणाऱ्या बाई आल्या. तपासणीपुरत्या फळ्या काढलेल्या होत्या. सात वर्षांच्या वह्या चाळून त्या हळहळल्या. वाट इतकी वर्षं उघडी, तरी वरच्या पाण्यात एक पिल्लू नाही. म्हणजे वाटच कुचकामी. आता ती सिमेंटने कायमची बुजवणार. ही जात याच नदीत उरली होती, तीही म्हाताऱ्या माशांपुरती. त्यांनी अहवाल पुढे केला, साक्षीची सही मागितली.

गाभोळीने जड झालेले मासे फळ्यांवर धडका देतात, तो आवाज ती विधवा त्या पंधरा दिवसांत रोज ऐकत होती.

दिराने तिला बाजूला घेतलं. "वहिनी, माशांना मत नसतं, शहराला असतं. करा सही."

"आणि मासे संपले तर, भावजी?"

"मी मटण खातो," तो हसला. मग आवाज उतरला. "माझी नोकरी जाईल. तुमच्या खोल्या जातील. आईला कुठं ठेवाल?"

ती टेबलाशी आली, पण सही केली नाही.

"बाई, वाट कुचकामी नाही. ती कधी उघडलीच नाही. तीन वर्षं खोटं मी लिहिलं, त्याआधी माझ्या मालकांनी."

बाईंनी तेच लेखी मागितलं. तिने लिहून दिलं.

घरी येऊन तिने सासूला सगळं सांगितलं. म्हातारीने एवढंच विचारलं,

"माझ्या लेकाचंही नाव लिहिलंस?"

"लिहिलं, आई."

"खरं तेच लिहिलंस." म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. "मग भांडी उतरव खाली. कपडे मी बांधते."