कान वाजवणारं औषध

वैद्यकशास्त्र संपलं ते पालतेवार डॉक्टरांबरोबरच, त्यानंतर उरल्या नुसत्या गोळ्या, असं विठ्ठलरावांनी दिग्रसच्या औषध दुकानात ठणकावून जाहीर केलं. ऐकायला एकटी नाहिद होती आणि तिच्या कानात इअरफोन होते.

ते काढून तिनं विचारलं, "काय देऊ, आजोबा?"

"सांधेदुखीचं मिक्श्चर. सॅलिसिलेटचं. बाटली घरून आणली."

"ते कधीचंच बंद झालं. पोट जाळते ते. आमचे आजोबा बी वरून तेच मागून राह्यले. नव्या गोळ्या घेता ना?"

"सोडल्या. दुखणं कमी झालं, पण कान वाजत नाहीत!"

नाहिदचे आजोबा म्हणजे जमीर, कापसाच्या जिनिंग कारखान्यातला जुना फिटर, विठ्ठलरावांचा जिवाचा दोस्त. राहायला दुकानाच्याच वर. मधे फक्त एक जिना. पण दोघांच्याही गुडघ्यांनी संप केलेला, त्यामुळे दिवाळीपासून ना हा वर गेला, ना तो खाली आला.

दोघांना संधिवात धरला तोही एकाच हंगामात. डॉक्टर बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी डकवून द्यायचे, एका खाचेला एक डोस. कान वाजायला लागले की औषध लागू पडलं, ही दोघांची पक्की समजूत. मग जिनिंगच्या फाटकाशी बाकड्यावर बसून कपाशीच्या भावावर चर्चा. याच्या कानात रातकिडे, त्याच्या कानात शिट्टी. दोघंही एकदम बोलायचे आणि आपलंच खरं ठरलं म्हणून खूश होऊन घरी जायचे. इतकी निकोप मैत्री विठ्ठलरावांनी पुन्हा कुठं पाहिली नाही.

त्यांनी रिकामी बाटली काउंटरवर ठेवली. जिन्याकडे पाठ केली, पहिल्या पायरीवर बसले आणि बसल्या बसल्याच उलटे, एकेक पायरी वर सरकू लागले.

"आजोबा, पडसान!"

"दोस्ताले भेटाले चाललो, पोरी. पडाले नाही."

वर पोचले तेव्हा धोतराला जिन्यावरची सारी धूळ आणि छातीचा भाता झालेला. खाटेवर जमीर. त्याचे डोळे भरून आले.

"इठ्ठल? तू कसा आलास बे?"

"आलो बाप्पा."

मग जमीरनं दोस्ताचा हात हातात घेतला.

"बरं झालं आलास. पोरीजवळ गिऱ्हाईक असंल. खालचं मोटरचं बटन तेवढं बंद करून ये न, टाकी वाहून राह्यली."