एकीपुरतं औषध

रसिका कळव्याची. पशुवैद्यकाची पदवी घेऊन ही पोरगी म्हशींचे ढेकर मोजते, याचं चाळीत सगळ्यांना हसू यायचं. पण रवंथ करणाऱ्या जनावरांच्या ढेकरांतून मिथेन वायू बाहेर पडतो, हवा तापवतो. तो कमी व्हावा म्हणून चाऱ्यात काय मिसळता येईल, हे शोधण्यात तिचा जीव रमला होता.

प्रयोगासाठी कोणी जनावरं देईना. शेवटी कल्याणला खाडीलगत तबेला असलेल्या रंगूबाई तयार झाल्या. "तू सोता असशील ना हितं? मंग कर," एवढंच त्या म्हणाल्या. म्हशींच्या गळ्यात वायू गोळा करणारे डबे आले, नाकपुडीपाशी नळ्या आल्या. पेंडीत नायट्रेट मिसळायचं आणि मात्रा हळूहळू वाढवायची. सवय व्हायच्या आत जास्त पोटात गेलं, तर रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं आणि जनावर गुदमरतं.

मिथेन घटत होता, पण प्रकल्पप्रमुख हरिहर सरांना घाई होती. पाहणीला पाहुणे यायचे होते.

"मात्रा दुप्पट कर," ते फोनवर म्हणाले.

"सर, इतक्यात नको. सोसणार नाही त्यांना."

"प्रकल्प तुझा आहे की माझा?"

 सकाळी रसिकाने स्वतःच्या हाताने पेंड कालवली.

दुपारच्या आत दोन म्हशी धापा टाकू लागल्या. त्यांतली थोरली, गाभण मोरणी, खाली बसली ती उठेचना. रसिकाने सुई टोचली, तर नळीत रक्त आलं ते उकळून उकळून काळपटलेल्या चहासारखं. तिला सगळं कळलं. उताऱ्याचं औषध पिशवीत होतं, पण एकीपुरतंच. आणखी मागवलं, तर औषध आणणारा पत्री पुलावरच्या गर्दीत अडकलेला.

"मोरणीला दे गं," रंगूबाई तिचा दंड धरून म्हणाल्या. "पोटात रेडकू हाय तिचे."

मोरणीची जीभ निळी पडली होती. दुसरी अजून पायांवर उभी होती. रसिकाने दंड सोडवून घेतला आणि उभ्या म्हशीच्या शिरेत औषध सोडलं.

मोरणीने मान टाकली. त्यानंतरही तिच्या पोटाची कातडी आतून हलत राहिली. रंगूबाईंनी तिथे हात ठेवला आणि हलणं थांबेपर्यंत काढला नाही.

रसिकाने कळवल्यावर सरांचा फोन आला. "उन्हाने गेली म्हणून सांग. बाई काही विचारणार नाही."

रसिका फोन बंद करून रंगूबाईंसमोर उकिडवी बसली. "मावशी, ऊन नाही. मी पेंडीत जास्त घातलं. सरांनी सांगितलं होतं, पण घातलं मीच. धोका मला ठाऊक होता."

रंगूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "ठावं व्हता," त्या म्हणाल्या, "आन् माझे म्होरं बसून कालवलास."



वाचलेली म्हैस हळूहळू पाणी प्यायला लागली. रंगूबाईंनी तिच्या गळ्यातला डबा ओढून काढला आणि खाडीत भिरकावला. रसिका पिशवी उचलून निघाली, तशा त्या कडाडल्या, "जाशील कुठं? मेलेली न्यायला गाडी येईल. तवर बस."

रसिका बसली. माशा मोरणीच्या डोळ्यांवर यायला लागल्या होत्या. ती ओढणीने त्या हाकलत राहिली.