एकशे सदतीस नंबरची खुर्ची

“या जहाजानं युद्धाची व्याख्याच बदलून टाकली आहे!” मेजरसाहेबांनी दोनशे जवानांसमोर जाहीर केलं आणि नवी व्याख्या सांगण्याआधीच कागदी पिशवीत तोंड घातलं.

इतर जहाजांना जिथं पोचायला अख्खा दिवस लागे, तिथं हे तीन तासांत जाई. फक्त वाटेतली एकही लाट चुकवत नसे. आज फौजेची बस, उद्या रणगाड्यांचा ट्रक, परवा दवाखाना. तासाभरात खुर्च्या काढायच्या, स्ट्रेचर बसवायची, की झालं. यातलं ‘की झालं’ तेवढं जहाजावरच्या फिटरच्या वाट्याला आलं होतं.

त्याचा मुलगा एकशे सदतीस नंबरच्या खुर्चीत पांढराफटक पडून बसला होता. अंगावर नवा कोरा गणवेश.

“बाबा, ही खुर्ची करकरतेय.”

“तू करकरतोयस. पाणी पी.”

“मी ओकलो ते आईला सांगू नका हं.”

“उद्या आलास की तूच सांग.” फिटरनं वाकून खुर्चीचा बोल्ट आणखी अर्धा आटा आवळला.

धक्क्याला लागल्यावर जवान उतरले, ट्रकमध्ये चढले, गेले. मुलानं मागं वळून पाहिलं नाही. पायाखाली जमीन आल्याचाच त्याला आनंद फार.

मेजरसाहेबांनी कागद पुढं केला. “ऐंशीपर्यंतच्या खुर्च्या राहू द्या. पुढच्या एकशे वीस काढून तिथं स्ट्रेचर लावा. उद्या यांनाच परत न्यायचंय.”

“यांनाच?”

“अंदाज आहे, मिस्त्री. मुख्यालयाचा.”

“कागद कधीचा, साहेब?”

“परवाचा.”

फिटरनं पाना उचलला. तासाभरानं एकशे एकोणीस स्ट्रेचर ओळीनं लागली होती, आणि त्यांच्यात एक खुर्ची, चुकीच्या वर्गात येऊन बसलेल्या पोरासारखी.

“ही का राहिली?”

“बोल्ट गंजलाय. निघत नाही.”

जहाज पाण्यात उतरून दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. मेजरसाहेब गुडघ्यांवर बसले. पाना मागून घेतला, लावला. बोल्ट मुकाट्यानं फिरला. त्यांनी तो पुन्हा आवळला, चांगला जोर लावून.

“बराच गंजलाय,” ते म्हणाले, आणि कागदावर १२० खोडून ११९ केले.

जहाज दोरांनी धक्क्याला बांधलेलं होतं. पाणी ताटातल्यासारखं निश्चल.

“मिस्त्री,” मेजरसाहेब तिथंच बसून म्हणाले, “ती पिशवी आहे का एखादी?”