ज्यावर युवराज कधी बसला नाही

मी एक जुने सिंहासन आहे. हसू नका, मित्रांनो. कळंबच्या अलीकडे, नीरेच्या काठी आमची एक वाडी आहे, तिथल्या जत्रेतल्या नाटकाचे मी सिंहासन. सोन्याचे नाही, बाभळीचे. मला हे सगळे नीट सांगता येईल की नाही, याची शंका आहे. पण माझ्याऐवजी दुसरे कोण सांगणार?

दत्तोबा सुताराने एका मोडक्या बैलगाडीच्या लाकडातून मला घडवले. त्याने आयुष्यात सिंह पाहिला नव्हता. सुप्याच्या माळावर लांडगे मात्र पाहिले होते. त्यामुळे माझ्या हातांवरचे सिंह लांडग्यासारखे दिसतात. वर बेगड चिकटवली, लाल रंग दिला, आणि मी दरबारात उभा राहिलो.

आमचे नाटक दरवर्षी एकच. वाडीतल्याच एका गुरुजींनी जुन्या आख्यायिकेवरून लिहिलेले. युवराज भानुदेव लहान असताना त्याचे वडील वारले आणि चुलत्याने गादी बळकावली. भानुदेव धनगरांच्या वाड्यावर, मेंढरांमागे वाढला. मोठा होऊन तो गडावर परतला, तेव्हा रयत त्याच्याकडे ओढली जाऊ लागली. चुलता घाबरला. त्याने भर दरबारात सांगितले, ‘एकदा माझ्यापुढे वाक, अर्धे राज्य तुझे.’ भानुदेव म्हणाला, ‘जिथे बसण्यासाठी मान वाकवावी लागते, ती जागा माझी नाही.’ आणि तो गडाबाहेर निघून गेला. दरवाजात एका म्हातारीने त्याला वाटेसाठी भाकरी दिली. पुढे तो कुठे गेला, कोणालाच ठाऊक नाही.

म्हणून आमचा युवराज पडद्यामागे जात नाही. तो लोकांमधून चालत बाहेर पडतो. लोक उठून वाट देतात आणि शेवटी उभी असलेली रंगूबाई त्याच्या हातावर खरीखुरी भाकरी ठेवते. आणखी एक रीत आहे. युवराजाचे काम करणाऱ्याने मला कधी शिवायचे नाही, तालमीतसुद्धा नाही.

हे काम रामहरीचे होते. केस पांढरे होऊ लागले तरी त्याचेच. त्याने मला एकदाही हात लावला नाही. एवढा मान मला राजानेसुद्धा दिला नाही. राजा म्हणजे चुलत्याचे काम करणारा गेणबा. तो माझ्यावर बसून तंबाखू मळतो.

यंदा मात्र देवळात बैठक बसली. जत्रेचा मोठा खर्च उचलणारे बापूसाहेब म्हणाले, “यंदा युवराज आमचा पोरगा दिग्विजय. आन् शेवट बदला. चुलत्यानं गादी सोडायची, पोरानं बसायचं. उद्या इलेक्शनला उभं राहायचंय त्याला. सगळ्यांसमोर हरून गेलेला बरा दिसंल का?”

गेणबा म्हणाला, “हरला म्हणून तर लोकं बघाया येत्यात, बापूसाहेब. जिंकल्यालं रोजच दिसत्यात.”

“गेणबा, तुला राजाचं काम ठेवायचं हाय ना?”

गेणबाने मिशीवरून हात फिरवला आणि तंबाखू मळायला घेतली. रामहरीला पडद्यामागून संवाद सांगायला बसवले. तो एवढेच म्हणाला, “बरं.”

वर्षभर मी खताच्या पोत्यांमागे पडून असतो. माझा एक पाय वाळवीने पोखरलाय. नाटकाच्या दिवशी दुपारी रामहरी मला न्यायला आला. बराच वेळ लांबच उभा राहिला. मग ओल्या फडक्याने माझे हात पुसत म्हणाला, “आजवर तुला शिवलो न्हाय. आज शिवतो. आज मी युवराज न्हाय.”

मित्रांनो, त्याच क्षणी मी ठरवले. कोणी युवराज म्हणून माझ्यावर बसलाच, तर हा पोखरलेला पाय मी सावरून धरणार नाही. पडेन. पण बसू देणार नाही.

नाटकाच्या वेळी रंगूबाई पदरात भाकरी घेऊन आली होती. कोणीतरी हटकले, “म्हातारे, यंदा भाकरी लागायची न्हाय. युवराज जातच न्हाय कुठं.”

“बघू की,” ती म्हणाली आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

शेवटचा प्रवेश आला. गेणबा माझ्यावरून उठला. “युवराज, बसा. राज्य तुमचंच हाय.”

दिग्विजय दोन पावले माझ्याकडे आला आणि थांबला. नवा संवाद त्याला आठवेना. त्याने पडद्याकडे पाहिले. रामहरीच्या हातात नवी पाने होती. त्याने ती मिटली आणि हलक्या आवाजात जुनेच वाक्य सांगितले.

दिग्विजय त्याच्याकडे बघत राहिला. हे वाक्य तो आईच्या मांडीवर बसल्यापासून ऐकत आला होता. समोरून बापूसाहेब हाताने खुणावत होते, “आरं, बस की.” दिग्विजय लोकांकडे वळला आणि खणखणीत म्हणाला, “जिथे बसण्यासाठी मान वाकवावी लागते, ती जागा माझी नाही.”

तो पायऱ्या उतरला. गेणबा धप्पकन माझ्यावर बसला आणि पुटपुटला, “बरं झालं, पाय दुखाया लागलं हुतं.” माझा पाय करकरला, पण मी सावरून धरला. राजा बसला तर माझी हरकत नव्हती.

लोक उठू लागले. पण वाटेत पहिल्या रांगेचा सोफा होता आणि सोफ्यावर बापूसाहेब. दिग्विजय त्यांच्यासमोर मान ताठ ठेवून उभा राहिला. बापूसाहेब कधी कुणासाठी उठत नाहीत. त्या दिवशी ते उठले, आणि सोफा स्वतःच्या हाताने बाजूला ओढला.

नंतर दिग्विजय पडद्यामागे आला. अर्धी भाकरी पुढे करत म्हणाला, “तात्या, पुढच्या साली तुमीच करा.”

“न्हाय,” रामहरी म्हणाला. “आता जमतंय तुला. फकस्त ह्याला शिवू नगंस.” आणि दोघे जमिनीवर बसून भाकरी खाऊ लागले.

मित्रांनो, मी पुन्हा खताच्या पोत्यांमागे आलो आहे. जमले तर मला कोरड्या जागी ठेवा, त्या पायाला औषध लावा. नाही जमले तरी चालेल. पण त्या हरलेल्या पोराची गोष्ट आहे तशीच सांगा, तिला बेगड लावू नका. बसायला खुर्च्या गावात पुष्कळ आहेत. न बसण्यासाठी मी एकटाच आहे.