दोघांपुरते बर्गर

आमचे हे एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य आचारी होते. निवृत्त झाले तेव्हा मला हायसं वाटलं, पण जरा घाईच झाली माझी. ज्याने आयुष्यभर सहाशे माणसांचा स्वयंपाक केला, त्याला घरातलं पातेलं म्हणजे वाटीच वाटते. पहिल्याच दिवशी त्यांनी केलेलं सूप आम्ही, शेजारचे, वरच्या मजल्यावरचे आणि जिना झाडणारी बाई असे सगळे मिळून चार दिवस पीत होतो. बाईने शेवटी काम सोडलं.

अशात कॅन्टीनच्या मॅनेजरचा फोन आला. नवा आचारी पळाला, सोमवारपासून परत या. यांचा चेहरा असा काही खुलला की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नोकरी होती तोवर या माणसाच्या हातचं गरम काही मी कधी खाल्लंच नव्हतं. दर शुक्रवारी कॅन्टीनमध्ये माशांचे बर्गर व्हायचे, कामगार म्हणे रांगेत एकमेकांच्या उरावर बसायचे. मला मिळायचा तो संध्याकाळी, डब्यातून, गारढोण, खालच्या पावाचा लगदा झालेला.

"जा खुशाल," मी म्हटलं. "पण आधी मला बर्गर करून घाला. इथे, गरम, दोघांपुरते. नाही जमलं तर तुमची गादीपण कॅन्टीनमध्ये पाठवते."

खरं सांगायचं तर मला त्यांनी जायला नको होतं. पण ते तोंडाने सांगायला मी काय नवी नवरी आहे?

गडी लगेच पिशवी घेऊन निघाला. मासा घेऊन आला तो दोन्ही हातांत कवटाळून. मी दारातच अडवलं.

"अर्धा शेजारी द्या."

"अगं, कापला की कमी होतो."

"माणूसही सहाशे जणांत वाटला की कमीच होतो," मी म्हटलं. अर्धा मासा शेजारी गेला.

पुढचं मात्र बघण्यासारखं होतं, उगाच कशाला नाकारू? मासा वाफवून त्यांनी बोटांच्या टोकांनी एकेक काटा वेचला. उकडलेला बटाटा, बारीक कांदा, अंडं घालून टिक्क्या थापल्या, पावाच्या चुऱ्यात घोळवल्या आणि तेलात अलगद सोडल्या. मग अंड्याच्या बलकात तेलाची धार धरून मेयोनीजचा सॉस घोटला, त्यात लसूण आणि लिंबू. मध्येच "पुढची परात आणा रे!" असं ओरडले. रे कोणीच नव्हता, मीच ताटली पुढे केली.

मी पहिला घास घेतला. टिक्की बाहेरून कुरकुरीत, आतून लुसलुशीत. सॉस मात्र सरकारी पत्रासारखा, सगळ्यांना उद्देशून आणि कोणालाच नाही. हे माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते, ताटलीकडे बघत होते.

"कसा झालाय, विचारायची पद्धत आहे," मी म्हटलं.

"विचारायचं कशाला? संपला की कळेल."

मग साहेबांनी मला त्यांची विद्या सांगितली. सहाशे जणांना कोण विचारत बसणार? जेवणं झाली की हे जाऊन उष्ट्याच्या पिंपात डोकावायचे. पिंपात जे दिसेल ते बिघडलेलं, जे दिसणार नाही ते फक्कड.

"आणि तुझा शुक्रवारचा डबा तर चाटूनपुसून रिकामा असायचा. म्हणून म्हटलं, हिला हाच सॉस आवडतो."

अहो, मी अन्न टाकत नाही! आईने पानात शीत ठेवू दिलं नाही कधी. म्हणजे माझं वळण हा माणूस इतकी वर्षं माझी आवड म्हणून वाचत होता. मी उठले, बर्गर उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. जन्मात पहिल्यांदा.

ते उठले आणि डब्यात डोकावले. त्यांची आई गेली तेव्हाही ते इतके पांढरे पडले नव्हते.

"काय कमी होतं?" त्यांनी विचारलं. या खेपेला माझ्याकडे बघून.

मी तोंड उघडलं. तक्रारींचा साठा काही थोडाथोडका नव्हता. सासूबाईंना कमी तिखट लागायचं, मुलांना गोडसर लागायचं, ते मला पाठ होतं. मला काय लागतं, ते ठाऊकच नव्हतं. अशी लाज वाटली, आणि रडूही आलं.

"आंबट हवं होतं का?" ते म्हणाले.

"थोडं. असेल."

त्यांनी चहाच्या चमच्यात सॉस घेतला, वर लिंबाचे चार थेंब पिळले आणि माझ्यापुढे धरला. मग मोहरीची पूड घातलेला. मग हिरवी मिरची ठेचून. दर वेळी ते माझं तोंड असं निरखत होते की मला घास गिळायची चोरी झाली. टिक्क्या केव्हाच गार झाल्या होत्या.

"आणि कॅन्टीन?" मी विचारलं.

"तिथे सहाशे जण आहेत, करतील काहीतरी," ते चमचा पुढे करत म्हणाले. "तू तोंड उघड."