जांभळ्या कणाची भूक

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या खिडकीजवळ स्टँडला उभी बांधलेली, अंगभर बारीक रेघा असलेली काचेची नळी दिसते ना, ती मी. मला ब्युरेट म्हणतात. भट्टीच्या आगीतून निघाले, मग एका कारागिराने श्वास रोखून माझ्या अंगावर एकेक रेघ कोरली. तेव्हापासून या दवाखान्यात मी थेंब मोजते.

माझ्या पोटात परमँगनेटचं गडद जांभळं द्रावण भरतात. खाली चंबूत आम्लात विरघळवलेली लोहाची गोळी असते. माझा थेंब त्यात पडला, की त्याचा रंग क्षणात नाहीसा होतो. लोह आपले इलेक्ट्रॉन देतं, परमँगनेट ते घेतं. सगळं लोह संपलं, की पुढच्या थेंबाची फिकट गुलाबी छटा टिकून राहते. इतकी वर्षं पाहते आहे, तरी त्या क्षणी मी थक्क होते. डोळ्यांना न दिसणारे अगणित कण, आणि त्यांचा हिशेब एका थेंबावर येऊन थांबतो!

एकदा वॉर्डातल्या डॉक्टरबाई तणतणत आल्या. "गरोदर बायकांचं रक्त काही केल्या वाढेना. गोळ्याच फुसक्या असणार. तपास बरं!"

नव्या केमिस्ट मुलीने तपासलं, आकडेमोड केली आणि तिचा चेहरा उतरला. "बाई, डबीवर लिहिलंय त्याच्या पाचवा हिस्साच लोह आहे."

"बघ! आता एकीच्या जागी पाच गोळ्या देते." डॉक्टरबाई दाराकडे वळल्यासुद्धा.

मुलगी माझ्या रेघांकडे पाहत पुटपुटली, "बरोब्बर पाचवा हिस्सा? भेसळ करणारे इतके काटेकोर कधीपासून झाले?" मग ओरडलीच, "थांबा बाई! माझंच चुकलं. मी परमँगनेटच्या एका कणाला लोहाचा एकच कण धरला. पण परमँगनेटचा एक कण एवढा खादाड, की पाच लोहकणांचे इलेक्ट्रॉन एकटा गिळतो. पाचाने गुणायचं राहिलं. गोळ्या चोख आहेत!"

डॉक्टरबाई दारातून परत आल्या. "अगं, विषच झालं असतं ते." मग हळूच म्हणाल्या, "पण मग रक्त का वाढेना?"

"गोळी चहाबरोबर घेतात का, विचारा ना. चहा लोहाला अडवून धरतो."

"विचारते. आणि तू ते पुन्हा एकदा मांड."

तिने पुन्हा केलं. गुलाबी छटा त्याच रेघेवर उमटली. मुलीने आकडा पाचाने गुणून वहीत मांडला, आणि डॉक्टरबाई चहाचं विचारायला वॉर्डाकडे निघाल्या.

मित्रांनो, काम झालं की मला लगेच धुवा. परमँगनेट तसंच राहिलं, की तपकिरी डाग बसतात आणि रेघा वाचता येत नाहीत. आणि आकडा मांडण्याआधी समीकरण नीट जुळवा. मी फक्त थेंब सांगू शकते. वॉर्डात कुणीतरी त्या थेंबाच्या भरवशावर गोळी तोंडात टाकत असतं.